जुन्या फियाटचे छोटे भाग हुबेहूब कसे मिळवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान फियाट ११००, डिलाइट, प्रेसिडेंट आणि पद्मिनी या एकाच घराण्यातल्या गाड्यांबद्दल आहे. इंजिन करून देणारे मेस्त्री अजून आहेत, पत्र्याचं कामही होतं. गाडी अडून राहते ती दाराचं हँडल, मोनोग्राम (गाडीवरची नावाची धातूची अक्षरं), बीडिंग (दारा-काचांभोवतीची पट्टी), टेल लाइटची काच, खटके, बोल्ट असल्या तळहातावर मावणाऱ्या वस्तूंपायी. प्रश्नही त्यांच्याचबद्दल येतात. इतर गाड्यांचं थोडं शेवटाकडे आहे.

गाडी फियाट आहे, एवढं सांगितलं की दुकानदार भाग देतो. मग मॉडेल आणि साल इतकं खोदून कशाला पाहायचं?

दुकानदार देतो तो बसणारा भाग. तुमच्या गाडीचा भाग तोच असेल असं नाही.

थोडा इतिहास लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो निघाल्या. इटलीत १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० इथे १९५४ पासून बनू लागली. मिल्लेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं घेत ती १९६४ मध्ये डिलाइट झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बॉनेटवरचं फियाट जाऊन प्रीमियर प्रेसिडेंट आलं आणि १९७४ पासून पद्मिनी. पन्नासच्या दशकातल्या ज्या गाड्यांना लोक डुक्कर फियाट म्हणतात, त्यांची पुढची दारं उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली. डिलाइटची दारं सरळ. हा फरक कुणालाही दिसतो. न दिसणारे फरक जाळी, बंपरचे गार्ड, डॅशबोर्डवरचे खटके, स्टिअरिंगचं हॉर्नबटण, दिव्यांच्या काचा यांत आहेत. ते वर्षानुवर्षं गुपचूप होत गेले.

भरीला चाळीस-पन्नास वर्षांत मालक बदलले. मधल्या एखाद्या मालकाने ६८च्या डिलाइटला ८५च्या पद्मिनीची जाळी लावलेली असते, आणि पुढचा मालक तीच जाळी नमुना म्हणून घेऊन बाजारात फिरतो. म्हणून आधी चासी नंबर, इंजिन नंबर आणि उत्पादनाचं साल आरसी बुकाशी ताडून बघा. मग त्याच सालाच्या निदान दोन न छेडलेल्या गाड्या शोधून त्यांचे जवळून फोटो काढा. घरच्या अल्बममधले जुने फोटोही चालतात. लग्नाच्या फोटोत नवरा-नवरीच्या मागे उभी असलेली गाडी कधी कधी पार्ट्स कॅटलॉगपेक्षा जास्त सांगते, कारण ती तेव्हा रस्त्यावर कशी होती ते त्यात दिसतं.

इटलीत ११०० डी नावाचीच गाडी होती. तिचे भाग मागवले तर डिलाइटला बसतील?

नावाला भुलू नका. इटालियन ११०० डीचं इंजिन १२२१ सीसीचं, आपल्या डिलाइटचं १०८९ सीसीचं. दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७५ मिलिमीटर, पण बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तिकडे ७२ आणि इकडे ६८. त्यामुळे हेड गॅस्केट, पिस्टन, रिंगा असलं काही निव्वळ नावावरून मागवायचं नाही.

बाहेरच्या सजावटीच्या वस्तूंपैकी बऱ्याच जुळतात, मात्र एक बाब कायम लक्षात ठेवा. ती गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे. वायपरची जोडणी आणि डॅशबोर्डची मांडणी आरशातल्यासारखी उलटी येते. हेडलाइटच्या काचेवरचे कोरीव पट्टेही उलटे. रस्त्याच्या उजवीकडून चालणाऱ्या गाडीची काच डिपर मारल्यावर उजेड उजव्या कडेला थोडा वर फेकते. आपल्याकडे तोच उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. काच दिसायला कितीही सुंदर असली तरी ती घेऊ नये.

इंटरनेटवर शोधताना इंग्रजीऐवजी इटालियन शब्द वापरा. हँडलला मानिल्या, मोनोग्रामला फ्रेजो, रबराला ग्वारनित्सिओने. भाषांतराचं ॲप स्पेलिंग देतं. मागवण्याआधी विक्रेत्याकडून स्केल शेजारी ठेवून काढलेला फोटो मागा. तो द्यायला कुरकुरणाऱ्याकडून घेऊ नका. किमतीत वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरा. तो हिशोब केला की मोनोग्राम इथे ओतून घेणं बरं वाटू लागतं.

दुकानात ओरिजिनल, कंपनीचा, ओल्ड स्टॉक, लोकल असे शब्द ऐकू येतात. नेमका फरक काय?

ओल्ड स्टॉक म्हणजे गाडी बनत होती तेव्हाच बनलेला आणि न वापरता पडून राहिलेला माल. कंपनीचा म्हणजे कारखान्याच्या डब्यातून आलेला, किंवा कारखान्याला माल पुरवणाऱ्याने स्वतःच्या नावाने बाजारात विकलेला. ही दुसरी जात अनेकदा पहिल्याइतकीच अस्सल असते. लोकल किंवा डुप्लिकेट म्हणजे नंतर कुणीतरी नमुन्यावरून बनवलेला. आणि ओरिजिनल म्हणजे दुकानदाराला त्या क्षणी जे म्हणायचं असेल ते.

डबा बघून विश्वास ठेवू नका. डबे पुन्हा पुन्हा भरले जातात. चोर बाजारात हे मजेशीर चालतं. 'साहब, डिब्बा देखो, कंपनी का है,' म्हणून चाचा डबा पुढे करतात. आत पद्मिनीचं हँडल निघतं आणि लेबल असतं डिस्ट्रिब्युटर कॅपचं. भाग बाहेर काढा, उलटा करा. खरं काय ते मागच्या बाजूला असतं: पुरवठादाराची खूण, साच्याचा क्रमांक, ओतकामाच्या रेघा, स्क्रूच्या भोकाच्या कडा. नक्कल करणारा पुढची बाजू घासूनपुसून जुळवतो, मागे मात्र सहसा फिरकत नाही.

शोधायला कुठे जायचं?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसच्या आसपासची जुनी स्पेअर पार्ट्सची दुकानं आणि चोर बाजारातली मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात, पण पहाटे रस्त्यावरचा बाजार भरतो आणि मोडतोडीत चांगला माल त्यातच सापडतो. पुण्यात नाना पेठ, शिवाय बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. राज्याबाहेर दिल्लीचं कश्मीरी गेट आणि चेन्नईचं पुदुपेट.

एक गोष्ट बदलली आहे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरण होतं. त्यामुळे झीज होणारा प्रत्येक भाग बनत राहिला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला २० वर्षांची मुदत असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. हजारो टॅक्सींची ती मागणी संपली आणि जुन्या दुकानांतला माल आता फक्त घटतो आहे. दुकानदाराचा मुलगा तोच माल किलोवर भंगारात काढायच्या बेतात असतो. जुन्या दुकानात गेलात तर एका हँडलचं विचारून परतू नका. माळ्यावर काय आहे ते विचारा.

टॅक्सीसाठी बनलेल्या मालाबद्दल सावधही राहा. तो स्वस्त, टिकाऊ आणि पटकन बसणारा असावा एवढीच अपेक्षा होती. हँडलचा बाक, क्रोमची जाडी, मोनोग्रामच्या अक्षरांची ठेवण यांच्याकडे टॅक्सीवाल्याने का बघावं? त्याच्या दृष्टीने तो भाग चोख होता. तुमच्या दृष्टीने तो तात्पुरता.

भाग हुबेहूब आहे हे ओळखायचं कसं?

नमुना हातात घेऊन. दुसरी रीत नाही. मोबाइलमधला फोटो दाखवून भाग घेतला की तो फोटोसारखा निघतो, गाडीवर लावला की शेजारच्या दाराशी जुळत नाही. म्हणून तुटका, गंजका, अर्धा का असेना, गाडीचा मूळ भाग टाकायचा नाही. मेस्त्री तो भंगाराच्या डब्यात फेकणार हे गृहीत धरा. खोलाखोलीच्या दिवशी स्वतः हजर राहा, प्रत्येक वस्तू पिशवीत घालून चिठ्ठी लावा.

बाजारात जाताना खिशात एवढं असू द्या: व्हर्निअर कॅलिपर, आटे मोजायचं पट्टीचं गेज, लहान चुंबक आणि स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा.

दाराचं बाहेरचं हँडल घेऊ. आधी दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. मग बटणाचा व्यास, बटण किती आत जातं ते आणि हँडल पत्र्यापासून किती उंच उभं राहतं ते. ही शेवटची उंची नक्कल मालात हमखास चुकते. बोटं आत जायला जागा कमी पडते आणि दार उघडताना नखं पत्र्यावर घासतात. त्यानंतर चुंबक. लोखंडावर क्रोम चढवलं असेल तर चिकटेल. पितळ किंवा मझॅक असेल, म्हणजे जस्ताचं डायकास्टिंग, तर चिकटणार नाही. मग वजन. एका घन सेंटिमीटरला पितळ साधारण साडेआठ ग्रॅम भरतं, मझॅक पावणेसातच्या आत, ॲल्युमिनियम पावणेतीन. आकार तोच असून वजन निम्म्यावर आलं, तर पुढचं बोलणंच संपलं.

शेवटी कडा बघा. मूळ हँडलवर दोन पृष्ठभाग जिथे भेटतात तिथे बारीक पण स्पष्ट धार असते. नकलेत ती साबणाच्या वडीसारखी गोल झालेली दिसते. नक्कल पुन्हा नकलेवरून काढली असेल तर गोलाई आणखी वाढते. बाजारात तिसऱ्या-चौथ्या पिढीचा माल सर्रास मिळतो.

मोनोग्राम मिळतच नाही. कोल्हापूरला किंवा दागिने ओतणाऱ्याकडे करून घेता येईल का?

येईल, चांगला येईल. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या पट्ट्यात एकेक नग करून देणारी माणसं मिळतात. दागिन्यांचं मेणाचं ओतकाम करणारेही बारीक अक्षरं सुरेख काढतात. फसगत होते ती आकसण्यामुळे.

धातू निवला की आकसतो. पितळ साधारण दीड टक्का, ॲल्युमिनियम सव्वा टक्क्याच्या आसपास. जुना मोनोग्रामच वाळूत दाबून साचा केला आणि पितळ ओतलं, तर १५० मिलिमीटरचा मोनोग्राम जवळजवळ सव्वादोन मिलिमीटरने आखूड येतो. नुसत्या डोळ्यांना कळत नाही. पण मागच्या खुंट्या बॉनेटच्या भोकांत शिरत नाहीत, मग मेस्त्री भोकं कानस मारून वाढवतो, आणि नुकताच रंगवलेला पत्रा उघडा पडतो. रबराच्या साच्यात मेण ओतून करायचं तर मेणही आकसतं, म्हणजे तूट आणखी.

उपाय दोन. जुनी, हाताची रीत म्हणजे नमुन्याच्या मापावरून त्या प्रमाणात मोठा पॅटर्न करून घेणं. दुसरी रीत, मोनोग्राम थ्रीडी स्कॅन करायचा, संगणकावर झिजलेल्या कडा पुन्हा धारदार करायच्या आणि ओतणारा सांगेल तेवढ्या टक्क्यांनी वाढवून मेणाच्या किंवा जळून जाणाऱ्या रेझिनच्या प्रिंटवरून ओतकाम करायचं. मला दुसरी जास्त आवडते, कारण फाइल जपून राहते आणि पुढच्या माणसाला नमुना मागायला तुमच्या दारात यावं लागत नाही. टक्केवारी स्वतः ठरवू नका. प्रत्येक ओताऱ्याचं मिश्रण आणि सवय वेगळी असते. त्याला आधी एक सरळ पट्टी ओतायला लावा, मोजा, मग आकडा ठरवा.

खुंट्या ओतकामात धरू नका. त्या वेगळ्या बसवा, म्हणजे अंतर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करता येतं.

क्रोमवाल्याकडे दिलेले भाग बदलून किंवा बोथट होऊन येतात. काय करावं?

चांगलं काम म्हणजे आधी तांबं, मग निकेल, वर क्रोमचा अगदी पातळ थर. चकाकी आणि गंजापासूनचं संरक्षण निकेल देतं, क्रोम फक्त त्याला काळं पडू देत नाही. स्वस्तात करणारा तांबं गाळतो आणि पावसाळ्यात पोपडे धरतात.

मझॅकचे भाग ही वेगळी डोकेदुखी आहे. त्यांच्यावर उठलेले फोड आतून आलेले असतात. जस्त कुजतं आणि क्रोमला वर ढकलतं. तो खड्डा खणून साफ करावा लागतो, तांब्याने भरावा लागतो, पुन्हा घासावा लागतो. हे न करता नुसतं बफिंग केलं तर खड्डा चकाकता होतो एवढंच.

बफिंगच्या चाकाखाली अक्षरं विरघळतात. भाग देताना समोर बसून सांगा: अक्षरांच्या आत हात नको, कडा मोडायच्या नाहीत. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मागच्या बाजूला न दिसेल अशी खूण कोरा, यादीवर सही घ्या. माझ्याकडचे एका डिलाइटचे चार विंडो हँडल एका ठिकाणाहून परत आले ते चार वेगवेगळ्या गाड्यांचे. माणूस प्रामाणिक होता, त्याच्याकडे सगळ्यांचे भाग एकाच टाकीत जात होते.

दाराचं रबर आणि बीडिंग कुठलं घ्यावं?

या प्रश्नाला सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा आणि सगळ्यात कमी दिला जातो. नवं रबर काळं, गुळगुळीत, वास येणारं असतं, म्हणून ते चांगलं वाटतं.

रबर म्हणजे एकच पदार्थ नव्हे. ऊन आणि पाऊस सोसायचा असेल, म्हणजे दारं, डिकी, काचेभोवती, तर ईपीडीएम. ऑइल किंवा पेट्रोल लागणार असेल तिथे नायट्राइल. ही अदलाबदल झाली की दोन्हीकडे नुकसान: ईपीडीएम पेट्रोलमध्ये फुगतं, नायट्राइल उन्हात चिरतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल येतं. त्यामुळे पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची सीलं जुन्या साठ्यातली वापरली तर ती लवकर हात टेकतात. तिथे व्हायटॉनची, म्हणजे फ्लुओरो रबराची सीलं घ्या. डायफ्राम घेताना तो इथेनॉल सोसणारा आहे का ते विचारा. हे भाग बाहेरून दिसत नाहीत. अस्सलपणाचा हट्ट तिथे सोडलेला बरा.

पुढचा मुद्दा कडकपणाचा. दाराचं मूळ रबर स्पंजासारखं दबतं. बाजारातलं घन रबर तेवढ्याच मापाचं असलं तरी दार बंदच होत नाही. मग लोक कुंडीची पट्टी (खांबावरची, जिच्यात दाराचं कुलूप अडकतं ती) बाहेर सरकवतात, दार आपटतात, आणि महिन्याभरात दाराची रेघ मागच्या दाराशी जुळेनाशी होते. दोष बिजागरीला दिला जातो.

आकार जुळवण्याची सोपी युक्ती अशी. जुन्या रबराचा न चेपलेला तुकडा शोधा. तो बहुतेक दाराच्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीच्या बाजूला मिळतो. नव्या ब्लेडने तो आडवा, एका झटक्यात कापा. कापलेलं तोंड शाईच्या पॅडवर टेकवून आलेखाच्या कागदावर ठसा उमटवा. पोकळी कुठे आहे, ओठ किती जाड, खाच किती खोल, सगळं कागदावर येतं. दुकानात या ठशावर नवा तुकडा ठेवून बघता येतो, आणि रबर बनवणाऱ्याला डाय करायलाही हाच कागद लागतो. डाय करायची तर तो बरेच मीटर माल एकदम काढायला सांगणार. चार-पाच मालकांनी मिळून काढलं तरच परवडतं.

ब्रेकच्या बाबतीत जुना स्टॉक अजिबात नको. सीलबंद पुडीतलं चाळीस वर्षांचं व्हील सिलिंडर किट प्रदर्शनात ठेवा, गाडीत नवं घाला. आणि ब्रेकचं रबर पेट्रोलने धुऊ नका.

नट-बोल्ट कुणाला दिसतात? स्टेनलेस घालून मोकळं झालं तर?

बॉनेट उघडल्याबरोबर दिसतात. स्टेनलेसची पांढरी झळाळी त्या इंजिनजवळ कधीच नव्हती. तिथे जस्ताचा मंद मुलामा होता. शिवाय ताकदीचा प्रश्न आहे. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ४५० मेगापास्कलला ताणून लांबतो, ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ६४० पर्यंत टिकतो. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक इथे स्टेनलेस घालणं मला पटत नाही.

फियाटचे आटे मेट्रिक आहेत, पण एक खोच आहे. १० मिलिमीटरचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात १.५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत दीड मिलिमीटर अंतर असलेला मिळतो. फियाटमध्ये बहुतेक ठिकाणी १.२५. चुकीचा बोल्ट दोन वळणं छान जातो आणि मग घट्ट होतो. मेस्त्रीला वाटतं गंज आहे, तो जोर लावतो, आणि आटे जातात. १.२५चे बोल्ट मारुतीच्या स्पेअरमध्ये सहज मिळतात. फक्त त्यांचं डोकं १४च्या पान्याचं असतं, फियाटच्या त्याच बोल्टला १७चा पाना लागतो. बारकाईने बघणारा ते लगेच ओळखतो. आतल्या बाजूला चालवून घ्या, दर्शनी जागी नको. जुने बोल्ट साफ करून पुन्हा जस्त चढवणं सगळ्यात स्वस्त. कडक दर्जाचे बोल्ट मुलाम्यानंतर भट्टीत तापवावे लागतात, नाहीतर हायड्रोजनमुळे ठिसूळ होतात. हे मुलामावाल्याला आधीच विचारा.

फ्यूज, वायरिंग, खटके?

जुन्या फियाटचे फ्यूज दोन्ही टोकांना निमुळते, चिनीमातीचे. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. आज मिळणाऱ्यांत प्लास्टिकचं अंग असलेले पुष्कळ असतात. पकड सैल असली की टोक तापतं आणि प्लास्टिक वितळतं. चिनीमातीचेच घ्या. वायरिंगमध्ये मूळ रंगसंगती ठेवा, टेप मात्र नवी पीव्हीसीची नको. जुनी कापडी किंवा न चिकटणारी गुंडाळी अजून मिळते.

टेल लाइटच्या नव्या काचा गुलाबी का पडतात?

रंग कमी प्रतीचा, उन्हाने उडतो. विकत घेताना काच उलटी करून आतले मणी बघा. ते टोकदार आणि सारखे असले तर साचा चांगला. टॉर्च मागे धरली की उजेड सगळीकडे विखुरला पाहिजे, मधोमध बल्बचा ठिपका दिसता कामा नये. राळ ओतून घरगुती केलेल्या काचा फोटोत उत्तम दिसतात आणि दोन उन्हाळ्यांत पिवळटतात.

थ्रीडी प्रिंटिंग केलेले भाग चालतात?

खटक्यांच्या मुठी, क्लिपा, बुश यांच्यासाठी चालतात. पदार्थ नीट निवडा. स्वस्तातलं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज जातो. उन्हात राहणाऱ्या भागाला एएसए नावाचं ऊन सोसणारं प्लास्टिक, झिजणाऱ्या क्लिपेला नायलॉन. आणि छापल्याचे थर घासून काढा, नाहीतर ती रेघारेघांची मूठ साऱ्या डॅशबोर्डची शोभा घालवते.

व्हिंटेज नोंदणीसाठी प्रत्येक भाग मूळचाच लागतो का?

केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी आणि मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल चालत नाही. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण ५,००० रुपये. नव्याने नोंदवलेल्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. आधीच नोंदलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच.

नव्याने बनवलेला मोनोग्राम किंवा रबर यामुळे कुणी अर्ज फेटाळत नाही. तरी नोंद ठेवा: कोणता भाग मूळचा, कोणता ओल्ड स्टॉक, कोणता नवा, कुणी कधी बनवला. नव्या भागाच्या मागे बनवल्याचं साल ठोकायला लावा. ऐतिहासिक गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा हिच्या तुरीन सनदेतही बदललेले भाग ओळखता यावेत असाच आग्रह आहे. साल ठोकलं की पाच वर्षांनी तुमचाच मोनोग्राम चोर बाजारात ओरिजिनल म्हणून विकला जात नाही.

माझ्याकडे फियाट नाही. जीप, हेराल्ड किंवा एमजी आहे. मला काय उपयोग?

पारखायची रीत तीच, बाजार निराळा. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं जग सगळ्यात काटेकोर. फोर्डने बनवलेल्या जीपच्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा वळणदार एफ ठोकलेला असायचा, आणि आज तो एफ ठोकलेले नवे बोल्ट परदेशात विकत मिळतात. विलीजच्या जीपला ते लावू नका, जाणकार हसतील. स्टँडर्ड हेराल्डवाले नशीबवान. ट्रायम्फ हेराल्डचे भाग ब्रिटनमध्ये अजून बनतात. एमजी टीसीवाल्यांनी एवढं जपावं: तिच्या १२५० सीसी इंजिनाचे आटे मेट्रिक आणि बोल्टांची डोकी व्हिटवर्थची, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाची. डोक्यावरून आटे ठरवले की ब्लॉक खराब होतो. बाहेर जाणं होत असेल तर सप्टेंबरात इंग्लंडमधला ब्यूलीचा आणि ऑक्टोबरात अमेरिकेतला हर्शीचा जुन्या भागांचा बाजार बघण्यासारखा आहे.

एकच नग बनवून घेणं महाग पडतं. मग?

महाग साचा असतो, नग नव्हे. पाच-दहा नग एकदम काढा, लागणारे मालक आधी शोधा, पैसे आगाऊ घ्या. पहिला नग गाडीवर बसवून, दार उघडूनमिटून, पावसाचं पाणी मारून बघितल्याशिवाय पुढच्यांना हात लावू देऊ नका. साचा, पॅटर्न आणि फाइल कुणाकडे राहणार ते आधी कागदावर लिहून घ्या. आणि मूळ नमुना परत मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.